एक नंबरची प्रोसेस कुणाची?

लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर सुरू झाला की कर्नल आधी एक प्रोग्राम उठवतो. त्या प्रोसेसचा नंबर एक. नेटवर्क, लॉगिन, डेटाबेस अशा सगळ्या सर्व्हिस पुढे त्याच्याच हाताखाली चालतात आणि तोच कोसळला तर अख्खी यंत्रणा ठप्प होते. २०१० साली आलेल्या सिस्टिमडीने ही जागा बहुतेक ठिकाणी पटकावली. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाच्या तांत्रिक समितीत मते ४-४ अशी समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. त्याच वर्षी नाराजांनी डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली. हा वाद आता शिळा झाला, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या सर्व्हरवर मोजकीच कामे चालतात, तिथे रनिट किंवा ओपनआरसीसारखी छोटी व्यवस्था निवडणेच शहाणपणाचे आहे.

असे का, ते एका घटनेतून दिसते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या पॅकेजमध्ये चोरदरवाजा सापडला. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने छडा लावला, म्हणून तो उघडकीस आला. मुळात एसएसएचचा आणि एक्सझेडचा काही संबंध नाही. पण ‘मी सुरू झालो’ एवढा निरोप सिस्टिमडीला देता यावा म्हणून काही वितरणांनी एसएसएचला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती, आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेडची लायब्ररीही आत आली. हल्ला सिस्टिमडीने केला नाही, हे स्पष्टच सांगायला हवे. पण वाट तिच्या गोतावळ्यातून गेली. जो निरोप थोड्याशा कोडमध्ये देता येतो, त्यासाठी एवढे लटांबर कशाला?

यावर आक्षेप असा की पर्याय म्हणजे सर्व्हिस सुरू करणाऱ्या जुन्या, ठिसूळ स्क्रिप्टांकडे परत जाणे. तसे नाही. व्हॉइड लिनक्स या वितरणात रनिट आहे. तिथे सर्व्हिस म्हणजे एक फोल्डर, त्यात ‘रन’ नावाची दोन-तीन ओळींची फाइल. त्या फोल्डरची लिंक ठरलेल्या जागी टाकली की काही सेकंदांत सर्व्हिस सुरू होते. मेली तर रनिट तिला पुन्हा उठवते. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. एखाद्या सर्व्हिसने जन्माला घातलेल्या सगळ्या प्रोसेस सिस्टिमडी कर्नलच्या सीग्रुप या प्रोसेसचे गट करणाऱ्या सोयीच्या मदतीने पक्क्या ओळखते. रनिट फक्त थेट अपत्यावर नजर ठेवते, नातवंडे तिच्या हातून निसटू शकतात. शिवाय ग्नोमसारखे डेस्कटॉप सिस्टिमडी गृहीत धरतात. तेव्हा ऑफिसच्या डेस्कटॉपवर सिस्टिमडी खुशाल राहू द्या.

पण नवा छोटा सर्व्हर उभा करणार असाल, तर आधी एखाद्या जुन्या मशीनवर व्हॉइड बसवा. ‘रन’ फाइल स्वतः लिहा, चालती सर्व्हिस मुद्दाम मारून पाहा आणि मगच ठरवा.