प्रवरेचा उगम : तीर्थ की बाजार?

सन 2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले आणि 2025 मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी साजरी झाली. याच जिल्ह्यातील चौंडी या गावी 1725 साली ही कन्या जन्मली, हा अभिमान प्रत्येक नगरकराने मिरवावा असाच आहे. परंतु नामांतराने कर्तव्याचा आरंभ होतो, समाप्ती नव्हे. ज्या राणीने हिंदुस्थानभर घाट बांधले, मंदिरे उभारली, यात्रेकरूंच्या निवाऱ्याची आणि पाण्याची चिंता वाहिली, तिच्या नावाच्या जिल्ह्यात तीर्थांची आणि नद्यांची काय अवस्था आहे, हा प्रश्न आता आपल्याला विचारला जाणारच. त्याचे उत्तर शोधायचे तर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात जावे लागेल.

नगर जिल्ह्याला सागरकिनारा नाही. पण भंडारदऱ्याच्या जलाशयाचा किनारा आहे. पूर्वेकडचे तालुके वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पावसावर गुजराण करीत असताना घाटघर-रतनवाडीच्या डोंगरांवर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (1646 मीटर) याच परिसरात आहे. रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते आणि उगमाशीच, रतनवाडीत, अमृतेश्वराचे कोरीव शिवालय उभे आहे. शिलाहार राजा झंझ याच्या नावाशी परंपरा त्याचा संबंध जोडते. हीच अमृतवाहिनी पुढे नेवाशाला जाते. तिच्याच काठी शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी अवतरली. त्याच्या पुढे प्रवरासंगमाला ती गोदावरीत विलीन होते. दक्षिणेला हरिश्चंद्रगडावर चांगदेवांनी शके 1234 मध्ये 'तत्त्वसार' रचले. उगमापासून संगमापर्यंत एवढे वैभव ज्या नदीकाठी आहे, त्या प्रदेशाला 'वीकेंड डेस्टिनेशन' एवढीच ओळख उरावी, हे आपल्या विस्मृतीचे लक्षण नव्हे काय?

धरण उशाला, कोरड घशाला

भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. गव्हर्नर विल्सन यांचे नाव धरणाला आणि 'आर्थर' हे नाव जलाशयाला मिळाले. पर्यटकांच्या तोंडी आजही तीच नावे आहेत. वास्तविक हा मुलूख राघोजी भांगरे यांचा. देवगावच्या या महादेव कोळी वीराने सावकारी आणि इंग्रजी सत्ता या दोहोंविरुद्ध शस्त्र उचलले आणि 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फास स्वीकारला. जलाशयावर छायाचित्र काढून परतणाऱ्या किती कुटुंबांना हे नाव ठाऊक असते?

या धरणाच्या पाण्यावर खालचा मुलूख बागाईत झाला, ऊस उभा राहिला, 1950 मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याची मुहूर्तमेढ रोवली गेली. त्याचा आनंदच आहे. परंतु ज्यांच्या भातखाचरांवर पाणी चढले, त्या डोंगरातील महादेव कोळी आणि ठाकर बांधवांच्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात हंडा घेऊन पायपीट चुकली नाही. पाणी खाली गेले, वीज खाली गेली. आता पर्यटनाच्या रूपाने तिसरी संपत्ती या डोंगरात चालून आली आहे. तीही जर वरच्यावर खालीच जाणार असेल, तर या वनवासी बांधवांनी 'विकास' या शब्दावर विश्वास तरी का ठेवावा?

काजवा आणि कासव

मे महिन्याच्या उत्तरार्धापासून मृगाच्या सरी स्थिरावेपर्यंत या रानात काजव्यांचा उत्सव चालतो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर यांच्या फांद्या एका लयीत उजळतात, विझतात. हा प्रकाश म्हणजे काजव्याची भाषा आहे. नर-मादीची भेट त्या संकेतावर ठरते. अळ्या दमट मातीत गोगलगाई खाऊन वाढतात. म्हणजे काजव्याला दोनच गोष्टी लागतात : अंधार आणि न तुडवलेली माती. आणि आपण त्याला काय देतो? चारचाकींच्या रांगा, हेडलाइटचे झोत, मोबाइलच्या बॅटऱ्या, ध्वनिक्षेपकांवरील गाणी आणि गवतातून धावणारे पाय. जे पाहायला जायचे तेच पायदळी तुडवायचे, याला निसर्गप्रेम म्हणत नाहीत. हे रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. 1986 पासून त्याला कायद्याचे कवच आहे. त्या कवचाला दर उन्हाळ्यात अशी छिद्रे पडतात.

हे अटळ आहे असे म्हणणाऱ्यांनी कोकणातील वेळासला जाऊन यावे. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील या किनारी गावात चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. 2006 पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. कासवाचे पिल्लू उजेडाकडे धावते, कृत्रिम प्रकाशाने वाट चुकते. म्हणून तेथे पाहुण्याने नियम पाळायचे असतात. राहणे ग्रामस्थांच्या घरी, जेवण त्यांच्याच चुलीवरचे, पैसा गावातच. जेथे अंडी चोरीला जात, तेथे गावकरीच राखणदार झाले. मलेशियातील काम्पुंग क्वांतान येथेही काजवे पाहायला स्थानिक नावाडी वल्ह्याच्या होडीतून नेतात, इंजिनाची नाव वापरत नाहीत. कासव आणि काजवा, दोघेही अंधारावर जगतात. वेळासला जे जमले ते घाटघर, मुरशेत, पांजरे, उडदावणे या गावांना का जमू नये? तेथील माणसे कमी शहाणी आहेत म्हणून नव्हे, तर तेथे नियम ठरविण्याचा अधिकार गावाच्या हाती नाही म्हणून.

अहिल्यादेवींचा वस्तुपाठ

आमच्या परंपरेत प्रवासाला 'यात्रा' म्हणतात आणि यात्रेला नियम असतात. पादत्राणे कोठे काढावीत, पाण्यात काय टाकू नये, देवराईतील काटकी का उचलू नये, हे यात्रेकरूला वेगळे शिकवावे लागत नसे. अहिल्यादेवींनी 1780 मध्ये काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, सोमनाथला नवे मंदिर बांधले; त्याचबरोबर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचीही व्यवस्था लावली. महेश्वरला विणकर वसवून तीर्थाच्या छायेत उपजीविका निर्माण केली. महेश्वरी साडी आजही त्याची साक्ष देते. धर्म, जल आणि रोजगार ही तीन सूत्रे त्यांनी एकत्र गुंफली. आज 'हरित पर्यटन' या नावाने परदेशी परिषदांत जे सांगितले जाते, ते या बाईंनी अडीच शतकांपूर्वी आचरून दाखविले.

याउलट आज दोन टोके दिसतात. एक म्हणतो, रिसॉर्ट उभारा, तंबू वाढवा, रोजगार आपोआप येईल. कसला रोजगार? स्वतःच्या जमिनीवर भांडी घासण्याचा आणि वाहने लावून देण्याचा? दुसरा म्हणतो, सारे बंद करा, रान माणसांपासून वाचवा. जणू पिढ्यान्‌पिढ्या ते रान राखणारा वनवासीच त्याचा शत्रू! दोघांनाही गाव नको आहे. एकाला जमीन हवी, दुसऱ्याला कुंपण.

यजमानाचा अधिकार

वस्तुतः कायदा गावाच्या बाजूने आहे. अकोले तालुक्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 5 ने तर ग्रामसभेला सामूहिक वनसंपदेतील प्रवेशाचे नियमन करण्याचा आणि वन्यजीवांना बाधक कृत्ये रोखण्याचा अधिकार दिला आहे. तो कागदावरून रानात उतरला पाहिजे. काजव्यांच्या हंगामात रोज किती पाहुणे यावेत हे ग्रामसभेने ठरवावे. वाहने गावाबाहेर थांबावीत आणि पुढची वाट गावच्या वाटाड्यासोबत पायी व्हावी. मुक्काम घरांत असावा, जलाशयाच्या ओल्या काठावर नव्हे. मद्य आणि ध्वनिक्षेपक यांना बंदी असावी. पाहुण्यांकडून मिळणाऱ्या शुल्काचा ठरावीक वाटा पाड्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी आणि अमृतेश्वराच्या परिसराच्या स्वच्छतेसाठी राखावा. शासनाने या निर्णयांच्या पाठीशी पोलिसांचे आणि वनखात्याचे बळ उभे करावे.

हे स्वप्नरंजन नाही. याच जिल्ह्यात हिवरे बाजारने ग्रामसभेच्या बळावर स्वतःला नियम घालून घेतले आणि दुष्काळावर मात केली. याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले आणि 2020 मध्ये पोपटराव पवारांसोबतच त्यांचेही नाव पद्मश्रीच्या यादीत आले. ज्या मातीत अशी माणसे घडतात, तिला पर्यटन कसे करावे हे शहरातून कोणी शिकवण्याचे कारण नाही.

शिकायचे आहे ते आपण. काजवे पाहायला येणाऱ्या गाड्या पुणे, मुंबई, नाशिक, नगर येथून येतात आणि त्यांत आपलीच कुटुंबे असतात. घरी देवासमोर समई लावणारा माणूस अमृतेश्वराच्या दारात प्लास्टिकची बाटली टाकतो, तेव्हा त्याचा धर्म घरीच राहिलेला असतो. संस्कृतिरक्षणाच्या गप्पा बैठकीत करायच्या आणि उगमतीर्थावर कचरा सोडून यायचे, ही विसंगती कार्यकर्त्यांच्या घरांतून आधी दूर झाली पाहिजे. यंदा सहल काढायची असेल तर गावच्या घरात उतरा, राघोजींची कथा मुलांना तेथेच ऐकवा, दिवा मालवून काजवे पाहा आणि ग्रामसभा जो नियम सांगेल तो निमूट पाळा. जिल्ह्याला अहिल्यादेवींचे नाव शासनाने दिले. ते सार्थ करण्याचे काम मात्र शासनाच्या एकट्याच्या आवाक्यातले नाही.