मोहंड आलं की जागे राहा!

सुट्टीतला उत्तराखंडचा ट्रेक ठरला असेलच. दिल्लीहून देहरादूनच्या गाडीत बसलं की बहुतेक जण इयरफोन लावून डोळे मिटतात. यंदा मोहंड आलं की मात्र जागे राहा. मैदान संपून जिथे अचानक टेकड्या सुरू होतात, तिथे तुम्ही हिमालयाचा उंबरा ओलांडत असता. त्याचा सगळ्यात नवा आणि आजही हलता उंबरा.

भारताची भूमी उत्तरेकडे सरकत आशियाला रेटते आहे. त्यातलं वर्षाला साधारण २ सेंटिमीटर हिमालयात जिरतं. ते कसं, हे घरीच बघा. ट्रेमध्ये कोरड्या वाळूचा थर पसरा आणि एका बाजूने फळीने ढकला. आधी फळीजवळ उंचवटा उठेल. तो पुरेसा वाढला की त्याच्या पुढ्यात नवी तिरपी चीर पडेल आणि मागची वाळू पुढच्या वाळूवर चढेल. मग आणखी पुढे आणखी एक चीर. खडकांतल्या अशा तिरप्या चिरेला थ्रस्ट फॉल्ट म्हणतात.

हिमालय असाच पायरीपायरीने दक्षिणेकडे वाढला. आत खोलवरचा मेन सेंट्रल थ्रस्ट सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी जोरात होता. मसुरीच्या डोंगराच्या पायथ्याचा मेन बाउंड्री थ्रस्ट साधारण १ कोटी वर्षांपूर्वीचा. आणि मोहंडच्या कडेचा फ्रंटल थ्रस्ट अगदी अलीकडचा. म्हणजे मैदानातून वर चढताना तुम्ही काळात मागे मागे जात असता.

पण हे कळलं कसं? बघायला तर कुणीच नव्हतं! साक्ष दिली ती दगडांनी. शिवालिकच्या टेकड्या हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्याच आहेत. खालच्या थरांत बारीक माती आणि वाळू, वर गोलगोल गोटे. गोटे लांब वाहत जात नाहीत, म्हणजे डोंगर हळूहळू जवळ येत होता. शास्त्रज्ञ हे दुमडलेले थर कागदावर घडी उलगडावी तसे सरळ करतात. सरळ केल्यावर लांबी जुळायलाच हवी. जुळली नाही तर नकाशा चुकला! जमीन किती आखडली, याचाही हिशेब त्यातूनच लागतो. नदीचे जुने काठ आज पात्राच्या कितीतरी वर दिसतात. त्या गाळातल्या कोळशाचं वय काढलं की जमीन किती वेगाने उचलली गेली, तेही समजतं.

आता मुद्द्याचं. १५ जानेवारी १९३४ला बिहार-नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्याची चीर जमिनीवर आलीच नाही, असं जवळपास ८० वर्षं मानलं जात होतं. मग नेपाळच्या पायथ्याशी संशोधकांनी चर खणले, थर तपासले आणि २०१३मध्ये सांगितलं की ती वर आली होती. त्याच जागी १२५५च्या भूकंपाच्याही खुणा सापडल्या. माणसं विसरली, मातीने लक्षात ठेवलं. उलट २०१५च्या नेपाळ भूकंपात सरकणं जमिनीखालीच थांबलं, पायथ्यापर्यंत पोचलंच नाही. तिथला ताण अजून बाकी आहे.

‘इथे कधी काही झालं नाही’ हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीनेही हेच दाखवून दिलं. हिमालयाच्या पायथ्याची शहरं तर याच चिरांच्या मधल्या दून खोऱ्यांत भराभर वाढताहेत. पुढचा भूकंप कधी, हे कुणी सांगू शकत नाही. पण चीर कुठून जाते हे शोधता येतं, आणि निदान तिच्यावर शाळा किंवा हॉस्पिटल न बांधणं आपल्या हातात आहे.

तुमच्यातलेच काही जण उद्या इंजिनीअर, आर्किटेक्ट, अधिकारी होणार. नकाशावर सही करण्याआधी ‘इथली जमीन तपासली का?’ एवढं विचारा. आणि बाकीच्यांनो, मोहंडला गाडी थांबली तर फोटो काढाच. फक्त सेल्फीत मागची टेकडीही नीट येऊ द्या. ती अजून वाढते आहे!