साठ दिवसांचे वचन

नेपाळमधील दहा वर्षांचे यादवी युद्ध २१ नोव्हेंबर २००६ रोजी संपले. पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवादी नेते पुष्पकमल दाहाल ऊर्फ प्रचंड यांनी त्या दिवशी सही केलेला सर्वंकष शांतता करार यशस्वी मानला जातो, आणि ते खोटेही नाही. माओवाद्यांची शस्त्रे संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली कंटेनरांत बंद झाली, २००८ मध्ये संविधान सभा निवडली गेली आणि राजेशाही संपली, चौदाशेच्या आसपास माजी लढवय्ये सैन्यात सामावले गेले, २०१५ मध्ये नवे संविधान आले. पण याच करारात आणखी एक वचन होते. बेपत्ता केलेल्या आणि मारल्या गेलेल्या माणसांची नावे साठ दिवसांत जाहीर करायची आणि घरच्यांना कळवायची. ते वचन आजही पुरे झालेले नाही. तेराशेच्या वर माणसांचे काय झाले, हे त्यांच्या कुटुंबांना कोणीही सांगितलेले नाही.

हा केवळ प्रशासकीय दिरंगाईचा प्रकार नव्हे. सत्तावाटपाच्या कलमांत दोन्ही बाजूंचा लाभ होता, म्हणून ती पाळली गेली. सत्य उजेडात आणण्याच्या कलमात दोन्ही बाजूंची अडचण होती, कारण हत्या आणि अपहरणांचे आरोप सैन्यावरही होते आणि माओवाद्यांवरही. प्रचंड तीन वेळा पंतप्रधान झाले. त्यांचे कालचे विरोधक त्यांचे सत्तेतले भागीदार बनले. चौकशी आयोग नेमायलाच २०१५ उजाडले. या आयोगांकडे साठ हजारांहून अधिक तक्रारी आल्या. गंभीर गुन्ह्यांना माफी देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी बजावले. तरी या आयोगांच्या कायद्यात दुरुस्ती व्हायला ऑगस्ट २०२४ पर्यंत थांबावे लागले. ज्यांची चौकशी व्हायची, त्यांच्याच हाती चौकशीचे वेळापत्रक दिले की याहून वेगळे काही घडत नाही.

जुन्या जखमा उकरल्या तर शांतताच मोडेल, असा आक्षेप घेतला जातो. शस्त्रे दोन्हीकडे असताना ही भीती रास्त होती. आज माओवाद्यांची वेगळी फौजच उरलेली नाही, मग ती भीती कोणाची ढाल आहे? कोलंबियात २०१६ च्या करारानुसार स्थापन झालेल्या विशेष न्यायव्यवस्थेने फार्क या बंडखोर संघटनेच्या म्होरक्यांना अपहरणांसाठी आणि लष्करी अधिकाऱ्यांना निरपराधांच्या हत्यांसाठी जबाबदार धरले. तेथे काही गट पुन्हा बंदुकीकडे वळले हे खरे. पण शस्त्रे खाली ठेवलेल्या बहुसंख्यांनी करार सोडला नाही. नुकसानभरपाई देऊन विषय मिटवावा, हा दुसरा आक्षेप. बेपत्ता माणसांच्या कुटुंबांना नेपाळ सरकारने पैसे दिले आहेत आणि ते द्यायलाच हवे होते. मात्र नवरा जिवंत आहे की नाही याचे उत्तर पैशातून मिळत नाही, आणि ते मिळेपर्यंत त्या बाईला ना विधवा म्हणून जगता येते, ना वाट पाहणे सोडता येते.

म्हणून पीडितांविषयीच्या कलमांची अंमलबजावणी करारावर सह्या करणाऱ्यांच्या मर्जीवर सोडता कामा नये. आयोगाचे सदस्य राजकीय पक्षांच्या वाट्यातून येऊ नयेत, निवडीत पीडितांच्या संघटनांना निर्णायक स्थान असावे आणि मुदत चुकली तर त्याचा जाब न्यायालयात द्यावा लागावा. या शांतता प्रक्रियेचा पाया घालणारा बारा कलमी समझोता नोव्हेंबर २००५ मध्ये दिल्लीत झाला होता. त्यामुळे नेपाळने आपले उरलेले वचन पाळावे, असे काठमांडूला स्पष्टपणे सांगणे भारताचेही कर्तव्य आहे.