निळाईचा हट्ट कुठे धरावा?

हिमालयाकडच्या निळ्या पॉपीचे, म्हणजे मेकोनॉप्सिसचे, भरपूर लाड होतात ते दूर स्कॉटलंडमधल्या बागांत. १९२४ साली फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी तिबेटात तिचे बी गोळा केले आणि ब्रिटिश बागप्रेमींना या निळाईचे वेडच लागले.

तिथल्या दोन वाणांची तुलना करण्याजोगी आहे. ‘लिंगहोम’ बी धरते. रोपे पुष्कळ होतात, पण सगळी एकसारखी निघतीलच असे नाही. ‘स्लीव्ह डोनार्ड’ मात्र वांझ. तिचे ठोंब फोडूनच रोपे करायची. म्हणून प्रत्येक रोप हुबेहूब मूळ रोपासारखे. एकीत संख्या, दुसरीत खात्री.

मग सरस कोणती? पहिल्या बहराला भुलून निकाल देऊ नये, असे माझे मत आहे. काही रोपे एकदाच फुलून मरतात. चौथ्या वर्षीही जो ठोंब जोमाने उभा असतो, तो वाण खरा. तुलनाही एकाच वाफ्यात, एकाच मातीत व्हावी.

आणि दोघींनाही हवा असतो थंड उन्हाळा, आम्लधर्मी, कुजलेल्या पानांची ओलसर माती आणि पाण्याचा निचरा. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात हे कुठून आणणार? तेव्हा बियांच्या पाकिटावरच्या चित्राला भुलू नये. पावसाळ्यात उत्तराखंडच्या ‘फुलों की घाटी’त निळी पॉपी आपल्या घरी फुललेली दिसते. डोळे भरून पाहावी आणि तिथेच राहू द्यावी. प्रत्येक सौंदर्य आपल्या अंगणात आलेच पाहिजे असे थोडेच आहे!