आजोबांच्या पायाला टाके का?

समोरच्या घरातले आजोबा बायपास करून घरी आले आणि त्यांचा नातू धावत माझ्याकडे. "डॉक्टरकाका, ऑपरेशन हृदयाचं, मग टाके पायाला कसे?"

बरोबर हेरलं पठ्ठ्यानं! दोस्तांनो, हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी तुंबली, की रक्ताला दुसरी वाट काढून द्यावी लागते. त्यासाठी बरेचदा पायातली सॅफेनस नावाची लांबलचक शीर काढून वापरतात. (पायात आणखी शिरा असतात, तेव्हा पायाचं काही अडत नाही.) अमेरिकेत क्लीव्हलँडला रेने फावालोरो या सर्जननं १९६७ पासून ही पद्धत रुळवली. गंमत म्हणजे शीर उलटी करून जोडतात. तिच्यात एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपा असतात ना!

खरी नाजूक गोष्ट मात्र शिरेच्या आत आहे. तिथं अवघ्या एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. रक्त गुठळ्या न होता वाहतं, ते त्याच्यामुळे. शीर काढताना चिमट्यानं जोरात दाबली, किंवा गळते का ते पाहायला द्रव भरून फार फुगवली, की अस्तर सोलवटतं. मग तिथं गुठळी धरते आणि नवी वाटही बुजू शकते.

अस्तर शाबूत आहे हे कळणार कसं? संशोधक शिरेचा उरलेला तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशी दिसतात, पण त्या काम करतात का? म्हणून शिरेची छोटीशी कडी कापून कोमट, खारट द्रवात दोन तारांवर अडकवतात. एका औषधानं ती आवळते. मग अस्तराला जागं करणारं दुसरं औषध घालायचं. कडी सैलावली, तर अस्तर कामाचं!

ही किल्ली एका चुकीतून सापडली बरं का. न्यूयॉर्कचे रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या रोहिणीवर ॲसिटिलकोलीन घालायचे, की ती आवळायची. एकदा ती चक्क सैलावली! शोधल्यावर कळलं, एरवी तुकडा तयार करताना अस्तर घासून निघत होतं. हे त्यांनी १९८० मध्ये छापलं. अस्तरातून निघणारा तो निरोप्या म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक वायू! १९९८ चं नोबेल त्यांना आणखी दोघांसोबत मिळालं.

स्वीडनमध्ये तर १९९० च्या दशकात काही सर्जन शीर भोवतालच्या चरबीसकट काढू लागले, म्हणजे तिला हातच लागायला नको.

"आमच्या आजोबांची कशी काढली?" असं विचारत स्वारी घरी पळाली. आजोबा काय सांगणार? ते तर तेव्हा गाढ झोपेत होते!