गोड खाणे पाप नव्हे, चालणे शिक्षा नव्हे



ऊसनोंदीसाठी आम्ही शिवारात फिरतो, तेव्हा बांधावर चहा घेतल्याशिवाय सुटका नसते. अलीकडे कप पुढे करताना मंडळी म्हणतात, "साहेब, साखर कमीच टाकलीय. खाल्ली की पाप केल्यागत वाटतं." ज्यांच्या उसाची साखर होते त्यांनाच ती चोरून खावीशी वाटावी, याचा विचार करणे आम्हांस जरूर वाटते.

गेल्या हंगामात एक सभासद गट कार्यालयात आले. आदल्या दिवशी लग्नात जिलेबी झाली होती. ती 'फेडायची' म्हणून काही न खाता, नुसती मधुमेहाची गोळी घेऊन ते भर उन्हात चार किलोमीटर चालत आले. दरदरून घाम, हातपाय थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. साखरपाणी पाजले तेव्हा जिवात जीव आला, मग दवाखान्यात नेले. त्यांना जिलेबीने पाडले नव्हते, जिलेबीच्या धास्तीने पाडले होते.

म्हणून साखर हवी तेवढी खावी असे मुळीच नाही. कारखान्याचे नोकर असूनही आम्ही हे स्पष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली घातलेली मर्यादा साधारण माणसाला दिवसाकाठी सुमारे 50 ग्रॅम पडते. त्याच्या निम्म्यावर आल्यास अधिक बरे. चमच्याला पाच ग्रॅम धरले, तर दोन चमच्यांचे पाच कप चहा झाले की मर्यादा भरली. गूळ घातला तरी हिशेब फारसा बदलत नाही. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. म्हणजे दोष सणाच्या पुरणपोळीचा नाही, रोजच्या चहाचा आहे. आपण मात्र पोळीला भितो आणि चहा मोजत नाही!

उसाला युरिया आपण हप्त्याहप्त्याने देतो. एक हप्ता जास्त पडला म्हणून पुढची पाण्याची पाळी कोणी बंद करीत नाही. मग स्वतःच्या पोटावरच हा सूड कशाला?

चालण्याचेही तसेच. बांधापर्यंत मोटारसायकल नेणाऱ्यांनी आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. पीक बघत चालावे, शिक्षा म्हणून नव्हे. दिवसभर भांगलण करणाऱ्या भगिनींना मात्र वेगळा व्यायाम सांगू नये. त्यांना वेळेवर पोटभर जेवण मिळते की नाही, हे घरच्यांनी बघावे. मधुमेह असलेल्यांनी खाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि गोळी घेऊन उपाशी राहू नये.

दिवाळीची सवलतीची साखर घरी आली की करंजी ताठ मानेने, सर्वांसोबत बसून खावी. दुसऱ्या दिवशी नेहमीची भाकरी खावी आणि पायी उसाकडे जावे. बांधावर भेट होईलच. आमच्या चहात मात्र साखर एकच चमचा टाका.

— ऊस विकास अधिकारी