भाषेच्या घराची पाटी

कुंभकोणमला एखाद्या घरावर तमिळ पाटी असावी आणि आतून मराठी बोल ऐकू यावेत, यात नवल नाही. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिले. तेव्हापासून कावेरीकाठी मराठी कुटुंबे नांदत आली. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. दगडावर भाषेस जागा मिळाली. इंटरनेटवर तिचा पत्ता कोणता?

स्वतःचे स्वतंत्र राष्ट्र नसलेल्या समाजांनीही हाच प्रश्न विचारला. संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी येणारे '.कॅट' हे पद कॅटलान भाषिकांना २००५ साली मंजूर झाले. स्कॉटलंडच्या लोकांनी दीर्घ खटपटीनंतर २०१४ मध्ये '.स्कॉट' मिळविले. असे पद स्वस्त नव्हे. २०१२ साली नुसत्या अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते. विखुरलेल्या लहान समाजास ते कसे परवडावे? सुदैवाने २०१४ मध्येच देवनागरीतील '.भारत' खुले झाले. त्यामुळे मराठी नाव आपल्याच अक्षरांत, अल्प खर्चात घेता येते.

मात्र पाटी लावली म्हणजे घर नांदते झाले, असे नव्हे. आजीच्या तोंडची तंजावरी बोली, तिच्या ओव्या, पेटीतले मोडी कागद आत नसतील, तर त्या पत्त्यावर कोण येईल? म्हणून आज सायंकाळी वही घेऊन आजीपाशी बसा. तिचे दहा शब्द उतरवून घ्या. पाटी उद्या लावता येईल. आजीचे शब्द मात्र उद्यावर टाकू नका.